पंचविसावी ओळ

'फरक' या रकान्यातून खाली उतरताना योगेंद्र प्रधानचं बोट शून्य, एक, शून्य, शून्य, एक असं घसरत गेलं आणि बावन्नाव्या ओळीशी येऊन थांबलं. डावीकडे त्याच्या गणिताचा अंदाज: येत्या शनिवारी खुर्चीसाठी थांबलेली माणसं किती असतील. उजवीकडे काउंटरवरच्या रसिकाच्या वहीतला खरा आकडा: किती निघाली. बावन्न आठवडे, आणि एकदाही दोनाचा फरक नाही. छाती फुगावी असा हिशेब होता आणि ती फुगलीही. पण पुरती फुगायच्या आतच आत कुठेतरी टाचणी लागली. एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून त्याने जे एक शहाणपण कमावलं होतं ते संख्याशास्त्रातलं नव्हतं, पेपर तपासण्यातलं होतं. दोन उत्तरपत्रिका शब्दाला शब्द जुळल्या की हुशारी दोघांची नसते. कुणीतरी कुणाचं तरी पाहून लिहिलेलं असतं. इथे एक उत्तरपत्रिका त्याची होती. दुसरी, निदान तो तरी इतके दिवस तसं धरून चालला होता, देवाची.

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच. सेवाश्रय ट्रस्टच्या डायलिसिस केंद्राचं हे ऑफिस म्हणजे पायऱ्यांखालची जागा होती. डोक्यावर जिना चढणाऱ्यांची पावलं वाजत आणि योगेंद्रला ती आपोआप मोजायची खोड होती. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचा मीटर, सोसायटीच्या टाकीतलं पाणी, जावयाने सांगितलेला पगार, कशावरही त्याचा एकदम विश्वास बसत नसे. मृणालिनी म्हणायची, तुम्ही सप्तपदीची पावलंसुद्धा मोजली असतील. त्याने मोजली होती. सात भरली होती म्हणून तर पुढचा संसार झाला. असा माणूस वर्षभर दर शनिवारी अंदाजाशी आकडा जुळलेला पाहतो, दर शनिवारी खूष होऊन घरी जातो, आणि त्याला एकदाही संशय येत नाही, ही गोष्ट आता त्याला रकान्यापेक्षाही संशयास्पद वाटायला लागली. पण ती त्याने तूर्त बाजूला ठेवली. आधी दुसऱ्यांवर संशय घेऊन पाहावा, स्वतःचा नंबर शेवटी लावावा, ही त्याची रीत होती.

हिशेब तसा सरळ होता. केंद्रात मशीन सात. एका मशीनवर दिवसाला तीन पाळ्या. सोम-बुध-शुक्र एक जथा, मंगळ-गुरू-शनी दुसरा. सात त्रिक एकवीस, दुणे बेचाळीस. म्हणजे बेचाळीस माणसांना कायमची खुर्ची, बाकीच्यांना रांग. आठवडा हे काळाचं एक पाऊल. प्रत्येक पावलाला काही नवे येतात, एखादी खुर्ची मोकळी होते. खुर्ची मोकळी कशी होते याची तीन कारणं होती: कुणाला मूत्रपिंड मिळतं, कुणी गावी निघून जातं, आणि तिसरं सगळ्यांना ठाऊक असलेलं. योगेंद्रच्या कागदावर तिन्हींना मिळून एकच नाव होतं, 'सेवा पूर्ण'. तरुणपणी त्याने पीएच.डी.साठी हाच विषय घेतला होता, काळ तुकड्या-तुकड्यांनी चालतो आणि खिडक्या अनेक आहेत अशी रांग. त्याच्या गाईड देसाईबाई म्हणायच्या, प्रधान, खिडकी एक असली तर पोरखेळ आहे, चाळीस-पन्नास असल्या तर तितकीच अज्ञातं, त्यांना एकेकट्याला पकडून आणत बसलात तर पेन्शन इथेच घ्याल. तेव्हा त्याने एक युक्ती काढली. सगळी रांग एकदम धरायचीच नाही. पहिल्या पायरीवरून दुसरी काढायची, दुसरीवरून तिसरी, आणि मागची पायरी विसरून जायची. शिवाय शेपूट कापायची. रांग अनंत लांब होऊ शकते, पण एका हद्दीच्या, इथे चोविसाच्या, पुढे ती जाण्याचा संभव इतका किरकोळ की तो धरला काय आणि सोडला काय. बाईंनी मान डोलावली होती, मग म्हणाल्या होत्या, शेपूट कापा, पण दरवेळी वाकून पाहा, तिथे काही हलत तर नाही ना. प्रबंध पुढे नोकरीत, लग्नात, दादरची खोली सोडून भाईंदरला येण्यात राहून गेला. निवृत्तीनंतर ट्रस्टने मदत मागितली तेव्हा ती युक्ती त्याने माळ्यावरच्या फायलीतून काढली आणि जुन्या लॅपटॉपवर चार सेकंदांत चालवून दाखवली. त्या चार सेकंदांचा त्याला अभिमान होता. मोबदला तो काही घेत नसे. चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणत असे, आणि ट्रस्टच्या लोकांना तो थर्मास दिसेल असा ठेवत असे.

"सर, कल का पेपर रेडी?" दारात जिग्नेशभाई, ट्रस्टचे सेक्रेटरी. त्यांना पूर्ण आत यायची सवय नव्हती. एक पाय नेहमी बाहेर.

"होतोय."

"चोवीसच्या आतच ना?"

"तेवीस पूर्णांक सात."

"बस. डोनरला शॉर्टमध्ये सांगायचं. सात मशीन इनफ छे, वेटिंग कंट्रोल में है. मग ते दोन मशीन कॅन्सल, आणि त्या रूममध्ये डोळ्यांचं ऑपरेशन थिएटर. फोटो पण चांगले येतात." ते हसले. "तुमचा हिशेब असा एकदम परफेक्ट असतो सर, मला तर भीती वाटते."

ते गेले. भीती वाटते असं हे का म्हणाले, याचा योगेंद्र बराच वेळ विचार करत राहिला. माणूस उगाच म्हणतो की आपण म्हणायच्या आधी म्हणून ठेवतो? उद्याच्या मीटिंगला देणगीदार येणार होते, दोन नवी मशीन घ्यायची की नाही हे योगेंद्रच्या एका कागदावर ठरणार होतं, आणि कागदावरचा आकडा कमी राहण्यात जिग्नेशभाईंचं थिएटर होतं. संशयित क्रमांक एक. पण वही त्यांच्या हातात नसते. वही रसिकाच्या हातात. ही काशीगावची, तिशीची मुलगी, काउंटर सांभाळायची, सगळ्यांशी गोड. फार गोड. काउंटरवर भांडण झाल्याचं योगेंद्रने वर्षभरात ऐकलं नव्हतं, आणि जिथे माणसं जिवासाठी रांगेत आहेत तिथे भांडण नाही म्हणजे काय? सरकारी गॅसच्या रांगेतही कुणीतरी कुणाच्या आईचा उद्धार करतोच. संशयित क्रमांक दोन, तिने क्रमांक एकला मागे टाकलं.

तो उठून काचेपाशी गेला. आत पाच नंबरच्या खुर्चीवर मृणालिनी डोळे मिटून पडली होती. डाव्या हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये जात होत्या. एकीतून रक्त गडद जात होतं, दुसरीतून किंचित उजळ होऊन परत येत होतं. गेले दोन आठवडे तिला इथे खुर्ची होती. त्याआधी सहा महिने बोरिवली. आठवड्यातून तीनदा रिक्षा, हायवे, परतीच्या वाटेवर घोडबंदरच्या फाट्याशी हटकून ओकारी. तो प्लास्टिकची पिशवी हातात धरून बसायचा आणि मीटर बघायचा. इथे घरून चालत सात मिनिटं. या दोन आठवड्यांत तिने पहिल्यांदा भांडी विसळली, पहिल्यांदा कुणाची तरी नक्कल केली. काचेवर त्याची सावली पडली तसे तिने डोळे उघडले, उजव्या हाताने आत बोलावलं.

"काय, जुळलं का तुमचं?"

"जुळलं."

"मग असं तोंड का? तुमचं नाही जुळलं की तुम्ही खरे खूष. घरभर फिरता."

"फारच जुळलंय."

"अगंबाई," ती म्हणाली, "म्हणजे आता चोर शोधणार." आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. मग तसंच, मिटल्या डोळ्यांनी, "त्या मंजुळेला मिळाली का हो खुर्ची?"

"कोण मंजुळा?"

"मोरव्याची. मी नाव द्यायला आले तेव्हा माझ्या पुढे बसली होती. नथ घातलेली, पाय सुजलेले. मी मागेही विचारलं होतं तुम्हाला."

विचारलं होतं. खुर्ची मिळाल्याच्या पहिल्याच मंगळवारी. आणि त्याने काय उत्तर दिलं होतं तेही त्याला आता स्वच्छ आठवलं: अगं, सरासरी वेगळी आणि एकेक माणूस वेगळा, रांगेत पुढेमागे होतंच. पुढेमागे होतंच. जो माणूस दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून मगच टोपलीत टाकतो, त्याने हे म्हटलं होतं. जी पुढे बसली होती ती मागे कशी राहील? रांगेत माणसं सोडून जातात, नवी येतात, पण पुढची मागे जात नाही. निदान त्याच्या प्रबंधात तरी जात नव्हती. काचेबाहेर रसिका जाताना दिसली. एका हातात पेन, आणि ओढणीखाली काहीतरी चौकोनी दाबून धरलेलं. ती काउंटरकडे जात नव्हती, मागच्या दाराकडे चालली होती. योगेंद्रने बायकोच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि पाळतीवर निघाला.

या इमारतीला मागची बाजू आहे हे त्याला माहीत होतं आणि नव्हतंही. तो पुढच्या फाटकाने येई, पुढच्या फाटकाने जाई. मागे जनरेटर, त्याच्यापलीकडे अॅम्ब्युलन्सची शेड, आणि शेडीच्या आडोशाला मोरव्याच्या बाजूने उघडणारी एक लांब पडवी. पडवीच्या कडेने चपला लावलेल्या होत्या. एकामागे एक, टोकं दाराकडे. मधे कुठे पिशवी, कुठे दगडाखाली दाबलेली चिठ्ठी, एक छत्री, एक पाण्याची बाटली. रसिका दारात उभी राहून नावं घेत होती आणि भिंतीशी बसलेली माणसं 'हजर' म्हणत होती. काही आजारी, काही आजाऱ्यांचे नवरे, सुना, मुलं. शाळेतल्यासारखं 'हजर'. जनरेटरमागे उभा राहून योगेंद्रने मोजायला सुरुवात केली. मोजताना त्याचा जीव नेहमी शांत होई. आज झाला नाही. अडतीस. ओढणीखालचं चौकोनी म्हणजे शाळेची वही होती, मुखपृष्ठावर वेळापत्रकाचा तक्ता असलेली. ती मिटून रसिका आत गेली, आणि लोक चपला पायांत सरकवून उठायला लागले. बरेचसे बसूनच राहिले. उन्हातून लगेच निघायची ताकद नसावी. योगेंद्र शेडीच्या बाजूने वळसा घालून आला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर बसला.

"नवीन का?" शेजारच्याने विचारलं. साठीचा, उन्हाने रापलेला, पिंढऱ्या दोरासारख्या.

"हो," योगेंद्र म्हणाला. हे खोटं की खरं, त्याला ठरवता आलं नाही.

"नाव लिवला का? पक्की वही भरलेली हाय. बाई कच्चीत लिवतान. दर शनवारी हजेरीला यायचा, दोन शनवार चुकलं का नाव कापतान."

"तुमचा कितवा?"

"माजा न्हाय, हिचा." त्याने मानेने खांबाकडे दाखवलं. खांबाला टेकून एक बाई झोपली होती. नथ. पाय परक्या कुणाचे असावेत तसे, पांढरट, फुगलेले. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. "पाचवा. चौथा असता. मे म्हयन्यान मधीच एक नाव सरळ पक्कीत गेला. कोन सायबाची बायको हाय म्हनतान. तवा आमचा येक हप्ता मागं परला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"येका हप्त्यासाठी काय बोलायचा? आनि हिथं भांडला आनि नाव कापला मंग?" त्याने तंबाखू नसलेल्या तळव्यावर अंगठा घासला. "आमी मिठागरावरली मानसा, साहेब. भरती कवा येल, पानी कुठवर चरंल, सगला आदीच ठावं असतं. आफिसान पन येक मास्तर बसतो म्हनं. शिटी वाजवल्यावानी सांगतो, फुडच्या शनवारी इतकी मानसा येतील." तो हसला; हसण्यात टोमणा होता का, हे योगेंद्रने नीट तपासलं, आणि नव्हता म्हणून जास्तच अस्वस्थ झाला. "मंग आमी त्याला दिसत कसं न्हाय?"

"रघू," बाई डोळे न उघडता म्हणाली, "गप रं. कोन हायत ते ठावं न्हाय, आनि बरलतो."

तो उठला. एका हप्त्यासाठी काय बोलायचं. चालता चालता, नको म्हणत असतानाही, त्याच्या डोक्याने हिशेब मांडला. कच्च्या वहीत तेव्हा जितकी माणसं असतील तितक्यांचा एकेक आठवडा गेला, आणि ते सगळे आठवडे गोळा होऊन एकाच नावावर जमा झाले. कुणाचंच फार गेलं नाही. कुणालातरी फार मिळालं. जमेची आणि खर्चाची बाजू चोख लागत होती. मिळालेलं कुठे गेलं हेही त्याला माहीत होतं: पाच नंबरच्या खुर्चीवर, पांघरुणाखाली. आणि मृणालिनीचं नाव लिहिलं त्या दिवशी रसिका म्हणाली होती, सर, लकी आहात, एक ओळ आजच मोकळी झाली. त्याने विचारलं नव्हतं, मोकळ्या ओळीसाठी आधी कुणी थांबलंय का. नशिबावर ज्याचा आयुष्यात एकदाही विश्वास बसला नाही, त्याने त्या एका दुपारी नशीब बिनतक्रार घेऊन पिशवीत टाकलं होतं.

रसिका काउंटरवर डबा उघडत होती. त्याला पाहून तिने झाकण पुन्हा लावलं.

"ती वही दे."

तिने कोणती असं विचारलं नाही. खणातून काढून दिली. पानांवर नावं, तारखा, फोन, अक्षर सुंदर. अडतीस.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही, सर."

"जिग्नेशभाई?"

"त्यांना एवढंच पाहिजे की हॉलमध्ये गर्दी नको. वही त्यांनी पाहिली नाहीये. पाहायची नाहीये त्यांना."

"मग का? पक्क्या वहीत का नाही लिहिलंस?"

तो थट्टा करतोय की परीक्षा घेतोय, हे तिला कळेना. मग तिने पक्की वही पुढे ओढली. छापलेली, ट्रस्टचं नाव असलेली, जाड पुठ्ठ्याची. पानावर क्रमांक एक ते चोवीस, खाली जाड रेघ, रेघेखाली कोरा समास. "तुमच्या फॉर्मात चोवीसच ओळी आहेत, सर."

फॉर्म त्यानेच आखला होता. लॅपटॉपवरच्या तक्त्याला चोवीस ओळी, म्हणून वहीला चोवीस. म्हणजे आकडे उतरवून घेताना डोळा चुकत नाही. छापखान्यात स्वतः उभा राहून त्याने रेघेची जाडी ठरवली होती.

"नवं पान घ्यायचं."

"पान म्हणजे आठवडा, असं तुम्हीच सांगितलं होतं. एका आठवड्याला एक पान." तिचा आवाज अजूनही गोडच होता, फक्त थोडा कोरडा झाला. "पहिल्यांदा मी लिहिलं होतं, सर. मागच्या दिवाळीनंतर. खाली, समासात." तिने पानं मागे उलटली. फार शोधावं लागलं नाही. जागा तिला ठाऊक होती. रेघेखाली बारीक अक्षरात पंचवीस, आणि एक नाव. नावावर आडवी लाल रेघ. बाजूला त्याचं अक्षर, लाल पेनात, ठसठशीत: 'समासात लिहू नये.'

त्याला तो शनिवार आठवला नाही. रेघ मात्र ओळखीची होती. अशा हजारो रेघा त्याने एकतीस वर्षांत मारल्या असतील. समासातलं तपासलं जाणार नाही, उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापलेलंच असे. पोरं तरी लिहायची, वेळ संपत आली की कडेकडेने, उभं, वाकडं, आणि तो न वाचता एका झटक्यात रेघ ओढायचा. वाचलं तर मार्क द्यावेसे वाटतात. हे नावही त्याने वाचलेलं नव्हतं. आता वाचलं: दुर्गा शिवा म्हात्रे. ती कच्च्या वहीत नव्हती, पक्कीतही नव्हती, बेचाळीसातही नव्हती. त्याने विचारलं नाही. आणि त्या तारखेवरून त्याला दुसरं एक आठवलं, जे तो वर्षभर आठवत नव्हता. त्याच आठवड्यात तक्त्याची बेरीज लागली नव्हती. सगळ्या शक्यता मिळून एक भरायला हवी. भरत होती एकाहत्तर शतांश. शेवटच्या ओळीपाशी काहीतरी भलं मोठं हलत होतं. देसाईबाई वाकून पाहा म्हणाल्या होत्या. तो वाकला नव्हता. त्याने उरलेले एकोणतीस शतांश चोवीस ओळींना थोडेथोडे वाटून टाकले, बेरीज एक केली आणि थर्मासमधला चहा प्यायला. पुढच्या आठवड्यापासून रसिकाच्या चोवीस ओळी त्याच्या चोवीस ओळींना खाऊ घालू लागल्या आणि त्याच्या ओळी तिच्या ओळींना. बावन्न आठवडे दोन उत्तरपत्रिका एकमेकींचं पाहून लिहीत होत्या. उरलेले एकोणतीस शतांश मागच्या पडवीत हजर म्हणत बसले होते.

"आणि मृणालिनीचं नाव?" हे त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"तेव्हा कच्चीत एकतीस होते. एकतिसावी मंजुळाताई, त्यांच्या मागे मॅडम." रसिका डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "तुमच्या घरचं नाव मी शाळेच्या वहीत लिहू, सर? तुम्ही आमच्यासाठी फुकट एवढं करता. त्या दिवशी एक ओळ मोकळी झाली होती. लिहिलं." मग, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून मला वाटलं माहीत आहे."

संशयितांच्या यादीत आता एकच उरला होता, आणि तो पुरावा द्यायला टाळाटाळ करणारा होता. माहीत नव्हतं, असं तो शपथेवर सांगू शकला असता. पण असं माहीत नसणं, ज्याच्यासाठी दर शनिवारी थोडीशी मेहनत घ्यावी लागते, त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं? त्याने खणातून पट्टी घेतली. पक्क्या वहीच्या आजच्या पानावर, जाड रेघेखालच्या समासात, ओळी आखायला सुरुवात केली. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. समास संपला तेव्हा मागचं कोरं पान घेतलं. "वाच," तो म्हणाला. आणि रसिका तारखेप्रमाणे वाचत गेली, तो तिच्या निळ्या पेनाने लिहीत गेला. मृणालिनीने खुर्ची सोडून रांगेत परत जायचं ठरवलं तर पक्कीतला पहिला आत जाईल, सगळे एकेकाने वर सरकतील, म्हणून त्याने त्याच हिशेबाने लिहिलं. अठ्ठावीसला मंजुळा. रसिकाने पुढचं नाव घेतलं तेव्हा तो म्हणाला, "थांब. मधे एक ओळ सोड," आणि एकोणतिसावी ओळ कोरी ठेवली. शेवटी बेरीज केली. चोवीस आणि अडतीस, त्यात मृणालिनी एक जमा, खुर्चीवर जाणारा एक वजा: बासष्ट. काहीही केलं तरी बासष्टच. उद्या तेवीस पूर्णांक सातच्या जागी बासष्ट वाचायचे, म्हणजे थिएटर गेलं, दोन मशीन आली. दोन मशीनच्या बारा खुर्च्या. म्हणजे एकोणतिसाची होणार सतरावी. हे गणित त्याने केव्हा केलं? ओळी आखायच्या आधी की नंतर? आधी केलं असेल तर हा प्रामाणिकपणा नव्हे, हा फक्त लांबचा हिशेब. त्याने ते पुन्हा आठवून पाहिलं आणि खात्री झाली नाही.

"मॅडमना विचारायला हवं ना, सर," रसिका म्हणाली. पेन तिने परत मागून घेतलं होतं. काउंटरवर कुणी येऊन उभं होतं.

विचारायला हवंच. बोरिवली, हायवे, फाट्याशी ओकारी; शरीर तिचं. वही छातीशी धरून तो काचेच्या दारातून आत गेला तेव्हा त्याच्या मनात एक लहानसं, लाजिरवाणं गणित चालू होतं: ती नाही म्हणेल. आजारी माणूस आहे, म्हणेलच. डोळ्यांत पाणी आणेल, म्हणेल आता पुन्हा ते हाल नकोत हो, आणि मग आपण काय करणार. आपण विचारलं, ते वहीला ठाऊक राहील. हे तो पुढे करणार असलेल्या चांगुलपणाच्या खात्यात आधीच मांडत होता. मशीन एका लयीत गुरगुरत होतं. त्याने सगळं सांगितलं, थोडक्यात, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. लाल रेघही सांगितली. मृणालिनीने उजव्या हाताने वही ओढून पोटावर घेतली आणि बोटाने उतरत उतरत ओळी वाचल्या, त्याच्याच सवयीने.

"मे महिन्यात मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. पण म्हटलं, तुमच्यासारखा माणूस गप्प आहे, म्हणजे सरळच असेल." त्यात टोमणा होता. तो त्याने तपासला नाही. "मंजुळा कितवी?"

"अठ्ठावीस."

"मग एकोणतीस माझी. बरोबर आहे." ती बोटाने कोऱ्या ओळीवर थांबली होती. "आजचं तर झालंच. मंगळवारी रिक्षावाल्याला फोन करा, तो जुना, पिशवी द्यायला न विसरणारा. आणि उद्या मीटिंगमध्ये हळू आवाजात वाचू नका. तुम्ही चुकीचं असलं की हळू वाचता."

"मृणाल, अजून विचार कर."

"पेन द्या."

त्याने काउंटरकडे पाहिलं. काचेपलीकडे रसिका कुणाला तरी काहीतरी समजावत होती, निळं पेन तिच्या हातात. त्याने वरचा खिसा चाचपला. खिशात एकच पेन होतं, लाल. मृणालिनीने हात पुढे केला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता. योगेंद्रने पेन काढलं आणि टोपण ओढलं. रोज उघडायचं टोपण. बराच वेळ ते निघेना.